एमएच-१२ चं लायसन्स परदेशी जातं तेव्हा

नव्या कात्रज बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडलं की महामार्ग नवले पुलापर्यंत उतरतच जातो. सातारा, कोल्हापूर, बंगळूरकडून आलेले मालट्रक इथे पोचतात तेव्हा त्यांचे ब्रेक आधीच तापलेले असतात. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय काही चालकांना असते. मग समोरची वाहनं दिसत असूनही गाडी आवरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड ट्रकच्या धडकेत चाळीसहून अधिक वाहनांचं नुकसान झालं. त्याआधी आणि त्यानंतरही इथे माणसं गेली आहेत. जड गाडी ज्या गिअरमध्ये चढवायची त्याच गिअरमध्ये उतरवायची, हा घाटाचा पहिला धडा. तो ज्याला आला नाही त्याच्याही खिशात लायसन्स असतंच.

याच उताराच्या दोन्ही अंगांना आंबेगाव, नऱ्हे, जांभूळवाडी, कात्रज, सुखसागरनगर पसरलेलं आहे. भारती विद्यापीठ आणि आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमुळे या पट्ट्यातून दर वर्षी मुलं-मुली बाहेर जातात: कोणी जर्मनीला एमएससाठी, कोणी इंग्लंडला, कोणी लग्न होऊन न्यू जर्सीला, कोणी कंपनीच्या कामावर टोकियोला. निघण्याआधी घरात याद्या होतात. पासपोर्ट, ट्रान्स्क्रिप्ट, फॉरेक्स कार्ड, चष्म्याची जास्तीची जोडी, गोडा मसाला, मेतकूट. लायसन्स या यादीत नसतं, कारण ते पाकिटात असतंच. अठरा पूर्ण झाल्यावर आळंदी रोडच्या आरटीओत जाऊन काढलेलं, एमएच-१२ ने सुरू होणारं कार्ड.

त्या कार्डाची परदेशात काय किंमत होते, हा या लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. आपल्या मुलांना तिथे नव्याने परीक्षा द्यावी लागते, हा त्यांचा अपमान नाही आणि त्या देशांचा आडमुठेपणाही नाही. आपण ज्या पद्धतीने लायसन्स देतो, त्यावर जगाने दिलेला तो अभिप्राय आहे, आणि तो बराचसा खरा आहे.

सुरुवात इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटपासून करावी लागेल, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आयडीपी काढली की जगभर गाडी चालवता येते, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. हे परमिट १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारातून आलं. भारत त्या करारात १९६२ मध्ये सामील झाला. आपल्या मूळ लायसन्सचं ते ठरावीक नमुन्यातलं भाषांतर असतं. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला स्वतःचं काही मोल नाही. ते आरटीओतून मिळतं, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. पूर्वी प्रत्येक राज्याचं परमिट आकाराने-रंगाने वेगळं असायचं आणि परदेशातले पोलीस त्याकडे संशयाने बघायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने देशभर एकच नमुना ठरवला आणि त्यावर क्यूआर कोड आणला. जानेवारी २०२१ पासून परदेशातल्या भारतीय वकिलातीमार्फत त्याच्या नूतनीकरणाचा अर्जही करता येतो. ही दोन्ही कामं चांगली झाली. इंटरनेटवर पैसे घेऊन ‘जागतिक लायसन्स’ घरपोच देणाऱ्या मंडळींची पुस्तिका मात्र कायद्याच्या दृष्टीने रद्दीच असते, तिच्या वाटेला जाऊ नये.

पण आयडीपी पाहुण्यासाठी आहे. आई-बाबा दोन महिने लेकीकडे गेले, भाड्याने गाडी घेऊन ग्रँड कॅनियन बघून आले, तिथे ती उपयोगाची. एकदा तुम्ही त्या देशाचे रहिवासी झालात की वेगळा कायदा लागू होतो आणि घड्याळ सुरू होतं. जर्मनीत सहा महिने. इंग्लंडमध्ये बारा महिने. कॅनडातल्या ऑन्टारियोत साठ दिवस, ब्रिटिश कोलंबियात नव्वद. अमेरिकेत देशभराचा एक नियम नाहीच, प्रत्येक राज्याचं निराळं: न्यू जर्सीत साठ दिवस, टेक्ससमध्ये नव्वद, कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून जेमतेम दहा. त्या मुदतीत तिथलं लायसन्स घ्यायचं. ही मुदत उलटून गाडी चालवली तर विनापरवाना चालवल्यासारखंच. जर्मनीत तो फौजदारी गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये त्याबरोबर विम्याचं संरक्षणही धोक्यात येतं, पोलीस गाडी जप्त करू शकतात, आणि विनाविमा गाडी चालवल्याचे दंडगुण एकदा नोंदले गेले की पुढची कित्येक वर्षं विमा महाग पडतो. पाच-पाच, दहा-दहा वर्षं कात्रजचा घाट चालवलेला माणूस तिथे लाल ‘एल’ लावून फिरतो, तो यामुळेच.

आता अदलाबदलीचं. बहुतेक श्रीमंत देशांकडे काही देशांची यादी असते. त्या यादीतल्या देशाचं लायसन्स असलं की अर्ज, फी, डोळ्यांची तपासणी, आणि नवं कार्ड हातात. ब्रिटनच्या यादीत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आहेत. २०२१ मध्ये संयुक्त अरब अमिरातींसारखे काही देश वाढले. भारत नाही. जर्मनीच्या यादीत जपान, दक्षिण कोरिया, इस्रायल, नामिबिया, अमेरिकेतली बरीच राज्यं आहेत. भारत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मान्यताप्राप्त देशांतही भारत नाही. दुबईत ज्यांना थेट अदलाबदल मिळते त्यांत आपण नाही; तिथे एप्रिल २०२३ पासून ‘गोल्डन चान्स’ नावाची एक सवलत आली, ज्यात वर्ग न करता एकदाच थेट परीक्षा देता येते. नापास झालात तर ड्रायव्हिंग स्कूलची वाट धरायची.

अपवाद आहेत आणि ते जाणून घेण्यासारखे आहेत. सिंगापुरात भारतीय लायसन्स असलेल्याला मोटारीसाठी फक्त प्राथमिक लेखी परीक्षा द्यावी लागते, रस्त्यावरची चाचणी नाही. नेदरलँड्समध्ये तीस टक्के करसवलत मिळालेल्या कुशल नोकरदारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना कुठल्याही देशाचं लायसन्स परीक्षेशिवाय बदलून मिळतं; आइंडहोवनला चिप कंपन्यांत गेलेल्या कितीतरी पुणेकरांना ही गोष्ट तिथे पोचल्यावर कळते. स्वित्झर्लंडमध्ये परीक्षकाला शेजारी बसवून एकच फेरी मारायची असते. सोपं वाटतं, पण ती फेरी दुसऱ्यांदा देता येत नाही. त्यात नापास झालं की जुना अनुभव पुसला गेला, नवशिक्याच्या रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं.

जपानने तर नुकतीच दारं अरुंद केली. तिथे परदेशी लायसन्स बदलून घेताना लेखी परीक्षेत चित्रांचे दहा प्रश्न असत आणि सात बरोबर आले की पुरे. १ ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास प्रश्न झाले आणि नव्वद टक्के गुणांची अट आली. लायसन्स मिळाल्यानंतर त्याच देशात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावाही जपान मागतो. म्हणजे पुण्यात लायसन्स काढलं आणि पंधरा दिवसांत विमानात बसलं, हा बेत तिथे उपयोगाचा नाही.

जर्मनीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्राचं आता त्या देशाशी सरकारी पातळीवर नातं जुळलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुण-तरुणी तिकडे पाठवण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, आणि ज्या कामांसाठी माणसं हवी होती त्यांत परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर यांच्याबरोबर वाहनचालकही होते. या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, जिथे मर्सिडीजचं मुख्यालय आहे. त्याच मर्सिडीजचा भारतातला कारखाना आपल्या चाकणला. त्यामुळे पुण्याच्या मुलांना हे नाव परकं नाही. पण ट्रक-बस चालवायला जाणाऱ्या मुलापुढे काय वाढून ठेवलंय, याची चर्चा भाषेच्या वर्गांइतकी झाली नाही.

तिथे त्याचं भारतीय हेवी लायसन्स पहिल्या सहा महिन्यांनंतर चालत नाही. त्याला ट्रकची लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात, आणि धंद्यासाठी माल किंवा माणसं वाहायची तर व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता मिळवावी लागते. साध्या मोटारीसाठीही पायऱ्या कमी नाहीत. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा वर्ग, लायसन्सचं अधिकृत भाषांतर. मग लेखी परीक्षा: तीस प्रश्न, चुकांचे दहापेक्षा जास्त गुण झाले की नापास. इंग्रजी, अरबी, तुर्की, रशियन अशा बारा परकीय भाषांत ती देता येते, हिंदी त्यांत नाही. त्यानंतर प्रत्यक्ष चाचणी, सुमारे पंचावन्न मिनिटांची, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतच. भारतीय लायसन्सधारकाला एकच मोठी सूट आहे. नवशिक्याला सक्तीच्या असलेल्या रात्रीच्या, महामार्गाच्या आणि गावाबाहेरच्या रस्त्याच्या तासिका त्याला माफ असतात. तरीही बहुतेकांना पाच-दहा तासिका घ्याव्याच लागतात, कारण सवयी मोडायच्या असतात. आणखी एक बाब आपल्या घरांतून नीट समजून घेतली पाहिजे. जर्मनीत राहायला गेल्यावर दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात येऊन काढलेलं लायसन्स तिथे मानलं जात नाही. ते जाण्याआधीच, इथले रहिवासी असताना काढलेलं लागतं.

कात्रजची मुलं जर्मनीत नापास होतात ती प्रामुख्याने दोन गोष्टींवर. पहिली, मान वळवून बघणं. वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, दार उघडण्याआधी आरशात बघायचं आणि मग खांद्यावरून मागे नजर टाकायची. आरशाला न दिसणारा सायकलवाला तिथे असू शकतो. आपल्याकडे कात्रज चौकात क्षणभर उभं राहून बघा, किती दुचाक्यांचे आरसे आतल्या बाजूला मिटलेले असतात. ज्याने दहा वर्षं आरशाविना गाडी हाकली, त्याची मान परीक्षेच्या दिवशी एकाएकी वळायला लागत नाही.

दुसरी गोष्ट उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट देण्याची. ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजव्या हाताने येणाऱ्याचा हक्क पहिला. जर्मनीतल्या वस्त्यांमध्ये असे चौक पावलोपावली येतात आणि एकदा विसरलं की परीक्षक तिथेच चाचणी थांबवतो. आपली मुलं म्हणतात, हा त्यांचा विचित्र नियम. तो आपलाही नियम आहे. १९८९ च्या आपल्या ‘रूल्स ऑफ द रोड’ नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं: चौकात शिरताना मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना वाट द्या, आणि तसा मुख्य रस्ता नसेल तर उजवीकडून येणाऱ्या सगळ्यांना वाट द्या. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने आधी वाट द्यायची, हेही त्याच नियमावलीत होतं. २०१७ मध्ये तिची जागा नव्या नियमांनी घेतली. मी कात्रज-कोंढवा रस्त्यावर आणि धनकवडीच्या आतल्या चौकांत अनेकदा उभा राहिलो आहे. तिथे ज्याची गाडी मोठी किंवा ज्याचा हॉर्न मोठा, त्याची वाट पहिली. स्वारगेट ते कात्रज हा देशातला पहिला बीआरटी मार्ग २००६ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हाही बससाठी राखलेल्या पट्ट्यात मोटारी घुसवताना कोणाला नियम आठवला नाही. नियम कागदावर होते आणि आहेत. ते आपल्या हातापायांत उतरले नाहीत, आणि लायसन्स देताना ते उतरलेत का हे कोणी तपासलं नाही.

इंग्लंडचं गणित बघा. तिथल्या लेखी परीक्षेत पन्नास प्रश्न, पास व्हायला त्रेचाळीस बरोबर. त्याच बैठकीत चौदा चित्रफिती दाखवतात. रस्त्यावर धोका निर्माण होतोय असं दिसताक्षणी बटण दाबायचं, पंचाहत्तरपैकी चव्वेचाळीस गुण हवेत. प्रत्यक्ष चाचणी चाळीसेक मिनिटांची, किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर चूक एकही नाही. तात्पुरत्या लायसन्सची ऑनलाइन फी ३४ पौंड, लेखीची २३, प्रत्यक्ष चाचणीची आठवड्याच्या दिवशी ६२. फीपेक्षा मोठी अडचण चाचणीच्या तारखेची. तिच्यासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. म्हणून बारा महिन्यांची मुदत हातात आहे या भरवशावर दहा महिने काढलेला मुलगा अडकतो. शहाणा पहिल्या महिन्यातच अर्ज करतो. आणि ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर ऑटोमॅटिकचंच लायसन्स मिळतं. हाताने गिअर टाकण्यात ज्याचा हात बसला आहे त्याने ही चूक करू नये.

आपल्याकडे लर्निंगच्या परीक्षेत साठ टक्के प्रश्न बरोबर आले की पुरे. तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी: दुचाकीचा आठचा आकडा, मोटार थोडी पुढे, थोडी मागे. जून २०२१ पासून लर्निंगची परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. सोयीचं झालं, यात शंका नाही. पण खुर्चीत नेमकं कोण बसलंय, हा प्रश्नही त्याबरोबर आला. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी संसदेत सांगितलं होतं की देशातली तीस टक्के लायसन्स बोगस आहेत. देशाचा मंत्री हे संसदेत सांगत असेल, तर स्टुटगार्टच्या किंवा सिडनीच्या अधिकाऱ्याने आमच्या कार्डावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं?

२०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सतराशेच्या आसपास, जर्मनीत अठ्ठावीसशेच्या आसपास. लोकसंख्येचं प्रमाण लावलं तरी आपला आकडा ब्रिटनच्या साधारण पाचपट भरतो, आणि आपल्याकडे माणशी मोटारी त्यांच्यापेक्षा कितीतरी कमी आहेत. अदलाबदलीच्या याद्या ठरवताना त्या-त्या देशाची परीक्षापद्धत आणि एकमेकांना सवलत द्यायची तयारी बघितली जाते. सवलत द्यायला आपण तर आधीच तयार आहोत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या नवव्या कलमात तरतूद आहे की, परदेशातल्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलं लायसन्स ज्याच्याकडे आहे, त्याने वैद्यकीय अट पूर्ण केली की त्या वर्गाच्या वाहनासाठी इथे चाचणी द्यावी लागत नाही. आपण त्यांची परीक्षा मानतो, ते आपली मानत नाहीत. सरकारने करार जरूर करावेत. पण परीक्षा सुधारल्याशिवाय त्या करारांच्या टेबलावर ठेवायला आपल्या हातात काही नाही.

आता एका वेगळ्या बाजूकडे वळतो, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लायसन्सची ही अडचण पुरुषांपेक्षा बायकांना जास्त जाचते. पुण्याची मुलगी सोळा-सतराव्या वर्षापासून स्कूटीवर वाढते. क्लास, कॉलेज, नोकरी, बाजार, सगळं ती स्वतःच्या गाडीवर करते; तोंडाला स्कार्फ बांधून कात्रजहून हिंजवडीपर्यंत रोज जाणाऱ्या मुली मी पाहतो. घराबाहेर पडायला तिला कोणाला विचारावं लागत नाही. तीच मुलगी लग्न करून न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा डॅलसच्या उपनगरात जाते. तिथे फुटपाथ नाही, बस नाही, दुकान चार मैलांवर. तिच्या लायसन्सवर दुचाकीबरोबर मोटारीचाही वर्ग असतो, पण मोटार तिने चाचणीच्या दिवसानंतर क्वचितच चालवलेली असते, कारण घरातली मोटार वडील किंवा भाऊ चालवत. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर गेलेल्या बाईचं लायसन्स तिच्या व्हिसाच्या मुदतीला बांधलेलं असतं. व्हिसाच्या नूतनीकरणाचा कागद अडकला की लायसन्सही अडकतं. त्यात नवरा दिवसभर ऑफिसात, गाडी एकच, शिकवायला वेळ नाही, उजव्या बाजूने चालणारी वाहतूक, आणि मनात भीती. घरातला फोन साधारण असा होतो: “आई, मी शनिवारपर्यंत थांबते गं, हे मोकळे असले की जाऊ भाजी आणायला.” इथे एकटीने सिंहगड चढून येणारी मुलगी तिथे भाजीसाठी शनिवारची वाट बघते.

अमेरिकेतली चाचणी अवघड नाही, हे अशा प्रत्येक मुलीला ठासून सांगायला हवं. बहुतेक जण एकाच चुकीवर नापास होतात. ‘स्टॉप’ची पाटी आली की गाडी पूर्ण थांबली पाहिजे, चाक फिरायचं बंद झालं पाहिजे. आपण वेग कमी करतो, दोन्हीकडे बघतो आणि सरकतो. परीक्षकाच्या लेखी ती न थांबलेली गाडी. लाल दिवे लुकलुकणाऱ्या शाळेच्या बससमोर थांबायचं, पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं, मान वळवून बघायचं. एवढं घोटलं की जमतं. नवऱ्यानेही ‘तुला नाही जमायचं’ म्हणण्याऐवजी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये रोज अर्धा तास द्यावा.

नावाची भानगडही याच बायकांच्या वाट्याला येते. लायसन्सवर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. दोन कागदांवरची माणसं एकच आहेत हे परदेशी खिडकीवरच्या माणसाला समजावताना दिवस जातो, आणि पुष्कळदा विवाह नोंदणीच्या दाखल्याची इंग्रजी प्रतच तिथे कामी येते. ज्यांना नाव बदलायचं आहे त्यांनी ते लायसन्स, आधार आणि पासपोर्टवर निघण्याआधी एकसारखं करून घ्यावं. ज्यांना बदलायचं नाही त्यांनी कुठेच बदलू नये.

अनुभव सिद्ध करण्याचा प्रश्न कॅनडात येतो. ऑन्टारियोत नवशिक्याला जी१, जी२, जी अशा पायऱ्या चढत जावं लागतं. दोन वर्षांहून अधिक अनुभव असलेल्याला लेखी परीक्षेनंतर मधली पायरी ओलांडून थेट शेवटच्या चाचणीला बसता येतं, पण त्यासाठी मूळ देशाच्या अधिकाऱ्याचा अधिकृत कागद लागतो. आपल्या स्मार्ट कार्डावरच्या तारखांवरून तिथल्या माणसाला पहिलं लायसन्स कधी मिळालं हे कळेलच असं नाही, विशेषतः पत्ता बदलून किंवा नूतनीकरण होऊन नवं कार्ड आलं असेल तर. सारथी पोर्टलवर लायसन्सचा ‘एक्स्ट्रॅक्ट’ मागता येतो. तो निघण्याआधी काढावा. मुलगा तिकडे आणि वडील इथे आरटीओच्या खिडकीत, अशी धावपळ सहज टाळता येते.

जर्मनीसारख्या देशात नवं कार्ड देताना भारतीय कार्ड जमा करून घेतात. म्हणून घाबरायचं कारण नाही. डिजिलॉकरमधली लायसन्सची प्रत भारतात कायद्याने ग्राह्य आहे. सुट्टीला आल्यावर तीच दाखवायची. अडचण होते ती मुदतीची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष, या काळात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्यापुढे गेलं की इथेही पुन्हा चाचणी. चाळिशी ओलांडलेल्याला डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. आणि आधारला जोडलेला भारतीय मोबाइल नंबर बंद झालेला असेल तर ओटीपी येत नाही आणि ऑनलाइन काम तिथेच थांबतं. नंबर चालू ठेवा.

पुण्यात चांगली चाचणी कशी असते हे बघायला लांब जायला नको. भोसरीला नाशिक फाट्याजवळ केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेच्या परिसरात वाहनचालक प्रशिक्षणाची संस्था आहे, तिथल्या ट्रॅकवर मोटारीची चाचणी यंत्राच्या नजरेखाली होते. चढावर गाडी मागे घसरली, कडेला चाक लागलं, तर तिथे ओळखपाळख चालत नाही. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची तरतूद आहे, जिथे हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत एकोणतीस तासांचं शिक्षण द्यायचं आहे. दिशा बरोबर आहे. पण बंदिस्त ट्रॅकवर कात्रज चौक येत नाही; समोरून उलटा येणारा रिक्षावाला, मध्येच रस्ता ओलांडणारी आजी, उतारावरचा ट्रक येत नाही. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गर्दीत, किमान अर्धा तास परीक्षकाने शेजारी बसून घेतलेली चाचणी जोवर सक्तीची होत नाही, तोवर आपलं कार्ड आपल्याच रस्त्यावर भरवशाचं होणार नाही, मग दुसऱ्याच्या रस्त्याचं काय सांगावं.

ज्यांची मुलं जानेवारीच्या किंवा सप्टेंबरच्या प्रवेशाला बाहेर जाणार आहेत, त्या पालकांना माझी विनंती आहे. लायसन्स एजंटच्या हातून काढून घेऊ नका. मुलाइतकीच मुलीच्याही हाती घरातली मोटार द्या, तिला कात्रजचा जुना घाट चढवू-उतरवू द्या, रात्री चालवू द्या, पावसात चालवू द्या. लायसन्स निघण्याच्या निदान सहा महिने आधी हातात असू द्या. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला एखादा उड्डाणपूल कधी पूर्ण होणार हे विचारता तेव्हा एवढंही विचारा, की पुण्यात लायसन्सची चाचणी रस्त्यावर कधी सुरू होणार.